मज्जापेशीचा होकार आणि नकार

पायात काटा रुतला की विचार करायच्या आत पाय वर उचलला जातो. पाय दुमडणारे स्नायू आखडतात, हे कोणीही सांगेल. पण त्याच क्षणी पाय ताठ करणारे स्नायू सैल पडतात, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाचे गेले. १९०६ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी मांडले ते असे : मज्जापेशीकडे अनेक वाटांनी निरोप येतात, काही ‘चल’ म्हणणारे, काही ‘थांब’ म्हणणारे. एखादा दुबळा निरोप वाया जातो, पण तेच लागोपाठ आले किंवा चार ठिकाणांहून एकदम आले, तर त्यांची बेरीज होते.

बरं, हा ‘थांब’ पोचतो कसा? येथे वाद पेटला. कोणी म्हणे विजेने, कोणी म्हणे रसायनाने. विजेच्या बाजूने हिरिरीने भांडत होते शेरिंग्टन यांचेच शिष्य, ऑस्ट्रेलियाचे जॉन एकल्स. न्यूझीलंडमध्ये डनेडिनला शिकवीत असताना त्यांची तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांच्याशी गाठ पडली. पॉपर यांचे सांगणे असे की, आपले मत जपत बसू नये. ते खोटे पडू शकेल अशीच कसोटी त्याला लावावी.

ती कसोटी लागली १९५१ च्या ऑगस्टमध्ये. ब्रॉक व कूम्ब्स या सहकाऱ्यांसह एकल्स यांनी मांजराच्या मज्जारज्जूतील एकाच पेशीत काचेची अतिसूक्ष्म नळी खुपसली. स्वस्थ पेशीचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. ‘चल’ आला की हा फरक कमी होतो. पुरेसा कमी झाला की पेशी स्वतःचा संदेश सोडते, अर्धामुर्धा नव्हे, सबंध. आता ‘थांब’ पाठविला. एकल्स यांच्या उपपत्तीप्रमाणे पडद्यावरची रेषा ज्या बाजूला वळायला हवी होती, त्याच्या नेमकी उलट वळली! पेशी अधिकच ऋण झाली. म्हणजे नकारही बेरजेत धरला जातो, वजा चिन्हाने. आणि तो रसायनानेच येतो.

एकल्स यांनी आपली उपपत्ती खोटी ठरल्याचे छापून जाहीर केले. आम्हा मास्तरमंडळींना विद्यार्थ्यांपुढे एवढे जमेल का, कोण जाणे! १९६३ साली हॉजकिन व हक्स्ली यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत म्हणजे, त्याआधीच, १९५७ साली, क्रेफिश या झिंग्यासारख्या प्राण्यात थेट विजेने चालणारा एक सांधाही सापडला होता.