पगारपत्रकातले दोनशे रुपये

माझ्या पगारातून दर महिन्याला व्यवसाय कराचे दोनशे रुपये कापले जातात, फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे २,५००. हा कर मुळात कशासाठी बसवला, हे मला नोकरीला लागून चार वर्षं झाल्यावर कळलं.

१९६५ साली वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तासगाव तालुक्यात 'मागेल त्याला काम' हा प्रयोग झाला. १९७२च्या दुष्काळात त्याची गरज राज्यभर पटली. पैशासाठी १९७५मध्ये नोकरदार-व्यावसायिकांवर हा कर आला. जेवढा जमेल तेवढीच भर सरकारने घालायची. १९७७ साली रोजगार हमीचा कायदाच झाला. शहरात काम आहे, गावात नाही, म्हणून शहराने द्यावं. हा हिशेब मला आजही आवडतो.

पण शहरात काम असतंच, हे त्यातलं गृहीतक जानेवारी १९८२मध्ये कोसळलं. गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, त्यांतले कित्येक परत कामावर गेलेच नाहीत. बापाच्या ओळखीने पोराला 'बदली'त चिकटवायची सोयही गेली. मुंबईतल्या पोरांच्या वाट्याला पुढे आल्या त्या मुख्यतः स्वयंरोजगाराच्या कर्जयोजना. काम मागायचा हक्क नाही.

२०२०मध्ये माझ्या हातात नेमणुकीचं पत्र होतं. कंपनीने रुजू व्हायची तारीख पुढे ढकलली, मग पत्रच रद्द केलं. नऊ महिने घरी बसलो, कारण वडिलांच्या पेन्शनवर बसणं परवडत होतं. जानेवारी-मार्च २०२४च्या सरकारी पाहणीत शहरी तरुणांमधली (वय १५ ते २९) बेकारी केरळमध्ये सुमारे ३२ टक्के, दिल्लीत ३ टक्के होती. म्हणून दिल्लीत सगळं आलबेल आहे असं मी तरी मानत नाही. ज्याला थांबणं परवडतं तो बेकार म्हणून मोजला जातो. बाकीचे मिळेल ते करतात.

केरळने २०१०मध्ये आणि राजस्थानने २०२२मध्ये शहरांसाठी शंभर दिवसांच्या कामाची योजना आणली. कामं मुख्यतः अंगमेहनतीची. पदवीधर तिथे कितपत जाईल, शंकाच आहे. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी २०२०मध्ये सुचवलेली वाट मला अधिक पटते: शाळा, वसतिगृहं, संग्रहालयं अशा सार्वजनिक संस्थांना सरकारने कामाच्या दिवसांची कुपनं द्यावीत, त्यांनी कामं काढावीत, मजुरी सरकारने भरावी.

महापालिकेच्या शाळेतले बंद पडलेले संगणक दुरुस्त करायला त्या नऊ महिन्यांत मी आनंदाने गेलो असतो. रोजगार हमीच्या दरानेसुद्धा.