सुतारकामाचा तंटा : बलुत्यापासून ग्राहक आयोगापर्यंत

आपल्या मंदिराचा इतिहास या स्मरणिकेत जाणकार मंडळींनी दिलेलाच आहे. मजकडे समितीने लाकूडकामाविषयी लिहिण्याचे काम सोपविले. लाकूडकाम म्हटले की चौकटी, दरवाजे, देव्हारा, दागिन्यांचे कपाट हे सर्व आले आणि त्यामागोमाग "केव्हा देता?" व "हे असे का केले?" हे दोन प्रश्नही आले. हे दोन प्रश्न आजचे नव्हेत. ते पूर्वी कसे सुटत आणि आज कसे सुटतात, हे देणगीदार बंधुभगिनींस ठाऊक असावे, कारण पैसा त्यांचा आहे.

आपल्याकडे सुतारास वाढई म्हणतात. जुन्या गावगाड्यात त्याचे स्थान मोठे. बलुतेदारांच्या तीन ओळी मानीत, त्यांपैकी थोरल्या ओळीत सुतार व लोहार यांची गणना होई. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी कोशात थोरल्या ओळीचा हक्क चार पाचुंदे, मधलीचा तीन व धाकटीचा दोन असा नोंदला आहे. एक पाचुंदा म्हणजे पाच पेंढ्या, तेव्हा सुताराचा हक्क वीस पेंढ्यांचा झाला. प्रत्यक्षात गावोगावी मान निराळे असे, पण धान्य मिळे ते पीक हाती आल्यावर, खळ्यावर. वर्षभर वखर, तिफण, डवरा दुरुस्त करून द्यायचा आणि मोबदला शेवटी घ्यायचा.

या व्यवस्थेत दोन्ही पक्षांच्या हाती एकेक दोरी होती. वाढईने मृगाच्या तोंडावर टाळाटाळ केली तर शेतकरी खळ्यावर हात आखडता घेई. शेतकऱ्याने पेंढ्या कमी घातल्या तर पुढील मृगात तिफण तशीच पडून राही. तंटा वाढला तर पंच होतेच. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची मात्र आवश्यकता नाही. वतन पिढीजात, चढाओढ नाही, त्यामुळे काम चुकविणारास हलविणे कठीण जाई. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' या ग्रंथात या दोषांवर कडक टीका केली आहे.

आता मुख्य मुद्दा. बलुत्यात येई ते औताचे काम. नवी बंडी, घराची चौकट, दरवाजा, पेटी ही कामे त्याबाहेरची. त्यांचा ठराव वेगळा, मजुरी वेगळी. म्हणजे ज्या कामावरून आज भांडणे होतात त्या कामाला जुन्या रिवाजाचा आधार तेव्हाही नव्हता. पुढे १८६० नंतर अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला भाव आला, रोकड खेळू लागली. रोखीच्या व्यवहारात इसार आला आणि दोरी उलटी झाली. पूर्वी काम आधी व धान्य मागून होते, आता पैसा आधी व काम मागून. पैसा देऊन बसलेल्या माणसाला खेटे घालण्यावाचून दुसरे काय उरते?

याच तक्रारीवर इंग्रज सरकारने १८५९ साली तेरावा कायदा केला. तो कलकत्ता, मद्रास व मुंबई येथील व्यापाऱ्यांच्या गाऱ्हाण्यावरून झाला असून अन्यत्र लागू करण्याची सोय त्यात होती. आगाऊ रक्कम घेऊन काम न करणाऱ्या कारागिरास मॅजिस्ट्रेटने रक्कम परत करण्याचा किंवा काम पुरे करण्याचा हुकूम द्यावा, न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. दाराला उशीर झाला म्हणून सुतार तुरुंगात, आणि मजुरी बुडविणाऱ्या धन्यास मात्र त्या कायद्यात तुरुंग नाही! हा कायदा १९२५ च्या कायद्याने रद्द झाला, हे योग्यच झाले.

१८७२ चा करार कायदा मात्र आजही चालू आहे आणि तो आपणांपैकी फारच थोड्यांना माहीत आहे. मुदत ठरविलीच नसेल तर काम वाजवी वेळात करावे, असे कलम ४६ म्हणते. कलम ५५ अधिक महत्त्वाचे. ठरल्या तारखेलाच काम हवे असा कराराचा हेतू असेल आणि काम चुकले तर करार मोडता येतो. पण उशिरा आलेला माल आपण स्वीकारला आणि स्वीकारताना "भरपाई मागणार" अशी सूचना दिली नाही, तर उशिराबद्दलची भरपाई मागता येत नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नासाठी सागाचे कपाट सांगितले. लग्न वैशाखात झाले, कपाट आले श्रावणात. दारे नीट मिटत नव्हती, आतल्या फळ्यांत गाभ्याऐवजी पांढरे लाकूड होते. ते मुकाट्याने उतरवून घेतले गेले व बाकीची रक्कमही दिली गेली. मग भांडण सुरू झाले.

असे अर्ज तहसील कार्यालयातही येतात. "साहेबांनी सुतारास बोलावून समज द्यावी" असा मजकूर असतो. हा विषय महसूल खात्याच्या अधिकारात नाही, तेव्हा अर्जदारास दिवाणी न्यायालय किंवा ग्राहक आयोग यांचा रस्ता दाखविण्यापलीकडे आमच्या हाती काही नसते.

ग्राहक चळवळीचा पाया आपल्याच राज्यात घातला गेला. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. घर देण्यास झालेला उशीर ही सेवेतील उणीव होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात ठरविले. सांगून करवून घेतलेल्या कपाटालाही हेच तत्त्व लागते. सध्याचा कायदा २०१९ चा, २० जुलै २०२० पासून अमलात आलेला. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास फी नाही.

यात विश्वस्त मंडळांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. प्रतिभा प्रतिष्ठान या न्यासाने कॅनरा बँकेविरुद्ध लढविलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये असा निर्णय दिला की, १९८६ च्या कायद्याखाली न्यास हा 'व्यक्ती' नाही, म्हणून तो ग्राहक म्हणून तक्रार करू शकत नाही. २०१९ च्या कायद्यात 'व्यक्ती'ची व्याख्या रुंद केली आहे. तरी देवस्थानाने त्या भरवशावर न राहता वकिलाचा सल्ला घ्यावा व इसार देण्यापूर्वीच लेखी ठराव करावा. गावकऱ्याला जो दरवाजा उघडा आहे तो देवस्थानाला बंद निघाला, तर दिवाणी दाव्याला पर्याय राहत नाही, आणि दिवाणी दावा म्हणजे किती वर्षे हे सांगायला नको.

वाढईची बाजूही नोंदविली पाहिजे. आपला जिल्हा सागाचा खरा, पण स्वतःच्या शेतातला साग तोडण्यासही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते आणि लाकूड हलविण्यास वाहतूक परवाना लागतो. त्यात गेलेले दिवस सुताराच्या खात्यावर मांडणे बरे नव्हे. ओले लाकूड घाईने वापरले तर ते सुकताना आक्रसते, सांधे उघडतात. चैत्रात घट्ट बसविलेले दार श्रावणात फुगून अडते. म्हणून चांगला कारागीर लाकूड वाळण्यास वेळ मागतो. तो वेळ ठरावात आधीच धरावा. शिवाय समित्यांची एक खोड असते. आज एक सभासद कमळाची नक्षी सांगतो, उद्या दुसरा मोर मागतो आणि माप तिसराच बदलतो. करार कायद्याच्या कलम ६७ मध्ये याच धर्तीचे उदाहरण आहे: घर दुरुस्तीचा करार झाला, पण कोठे दुरुस्ती करायची ते घरमालकाने दाखविलेच नाही, तर त्यामुळे जे काम राहिले त्याबद्दल कारागीर जबाबदार नाही. तेव्हा नक्षी व माप सांगणारा इसम एकच नेमावा, त्याची सही ठरावाखाली घ्यावी आणि नंतरचा प्रत्येक बदल तारीख घालून त्याच कागदावर लिहावा.