सामायिक पान आणि तोतया विक्रेता : ऑनलाइन बाजारपेठेतील व्यापारचिन्ह-रक्षणाचा इतिहास

दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपविण्याची लबाडी व्यापाराइतकीच जुनी आहे. परंतु ऑनलाइन बाजारपेठांच्या उदयाबरोबर या लबाडीला जे रूप आले, ते पूर्वीच्या रूपाहून एका महत्त्वाच्या बाबतीत निराळे आहे. जुना तोतया दुसऱ्याच्या छापाची नक्कल करून ती आपल्या मालावर चिकटवीत असे; नक्कल करण्याचे श्रम तरी त्याला पडत. नव्या तोतयाला तेवढेही करावे लागत नाही. एखाद्या उत्पादकाने आपल्या वस्तूचे नाव, वर्णन आणि छायाचित्रे देऊन संकेतस्थळावर जे पान उभारले, ज्यावर ग्राहकांचे शेकडो अभिप्राय जमा झाले, त्याच पानावर तो आपली थोडी कमी किंमत नोंदवितो आणि मागणी आली की भलताच माल पाठवून देतो. व्यापारी वर्गात या प्रकारास ‘लिस्टिंग हायजॅकिंग’ असे नाव पडले आहे.

या प्रकाराकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. एका मतानुसार ही केवळ जुनीच बनावटगिरी असून साधन तेवढे बदलले आहे. तेव्हा जुने कायदे कसोशीने अमलात आणले म्हणजे पुरे. दुसऱ्या मतानुसार हा सारा दोष बाजारपेठ चालविणाऱ्या कंपन्यांच्या हलगर्जीपणाचा आहे. दोन्ही मतांत तथ्यांश असला तरी इतिहासाच्या कसोटीस ती पूर्णपणे उतरत नाहीत. ज्या रचनेमुळे ही लबाडी शक्य झाली, ती हलगर्जीपणातून नव्हे तर ग्राहकाच्या सोयीच्या विचारातून निर्माण झाली होती. आणि त्या रचनेने लौकिकाचे स्थानच मालावरील छापावरून सामायिक पानावर हलविले. छापाला धनी होता. पानाला धनी कोण, या प्रश्नाचे उत्तर मात्र कायद्याने आधी देऊन ठेवलेले नव्हते.

१

व्यापारचिन्हाच्या आधुनिक कायद्याचा पाया इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात घातला गेला. १८४२ मधील ‘पेरी विरुद्ध ट्रूफिट’ या खटल्यात लॉर्ड लँगडेल यांनी असे तत्त्व सांगितले की, आपला माल दुसऱ्याचा आहे असे भासवून विकण्याचा अधिकार कोणासही नाही. वाद होता केसांना लावावयाच्या एका द्रव्याच्या नावाचा. मौजेची गोष्ट ही की, वादीने स्वतःच आपल्या मालाविषयी खोटी माहिती पसरविली असल्यामुळे त्याला मनाई-हुकूम मिळाला नाही. तत्त्व टिकले आणि वादी हरला. पुढे १८६२ व १८८७ च्या कायद्यांनी खोट्या छापांचा वापर हा फौजदारी गुन्हा ठरविला.

हिंदुस्थानात १८६० च्या दंडसंहितेत व्यापारचिन्हांविषयीची कलमे होती आणि १८८९ मध्ये मालावरील खोट्या छापांविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. परंतु चिन्हांच्या नोंदणीचा कायदा मात्र १९४० पर्यंत नव्हता. या मधल्या काळातील मुंबईचा कापडव्यापार प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. मँचेस्टरचे आणि मुंबईच्या गिरण्यांचे कापड रंगीत चित्रे छापलेली तिकिटे लावून विकले जाई. त्यांवर देवदेवतांची, राजांची, पशुपक्ष्यांची चित्रे असत. कारण ज्याला अक्षरओळख नाही तो गिऱ्हाईकही चित्रावरून माल ओळखू शके. अशा तिकिटांच्या नकला होणे अपरिहार्यच होते. नोंदणीचा कायदा नसल्यामुळे मुंबईच्या गिरणीमालक संघाने सभासदांच्या छापांची नोंद ठेवण्याची व्यवस्था स्वतःच उभी केली. राज्यसंस्थेने जे करावयाचे ते तिच्या अभावी व्यापाऱ्यांच्या खाजगी संघटनेने केले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे; पुढे तिचा पुन्हा उल्लेख येईल.

या सर्व व्यवस्थेचे एक गृहीतक होते. तिकीट कापडाला चिकटलेले असे आणि कापड गिऱ्हाइकाच्या हातात असे. चिन्ह व माल यांची ताटातूट होत नसे. फसवणूक झाली तर खोटे तिकीट हाच पुरावा समोर असे.

२

१९९५ मध्ये अमेरिकेत दोन संकेतस्थळे सुरू झाली: पुस्तके विकणारे ॲमेझॉन आणि पुढे ईबे या नावाने प्रसिद्धीस आलेले लिलावाचे स्थळ. ईबेवर प्रत्येक विक्रेत्याचे पान स्वतंत्र असे. एकच घड्याळ दहा जण विकत असतील तर पाने दहा. ॲमेझॉनने १९९९ मध्ये आधी लिलाव आणि मग बाहेरच्या विक्रेत्यांसाठी वेगळ्या दुकानांचा विभाग काढून पाहिला. दोन्ही प्रयोग फसले. नोव्हेंबर २००० मध्ये कंपनीने निराळा मार्ग धरला. ज्या पानावर ती स्वतः वस्तू विकत होती, त्याच पानावर बाहेरच्या विक्रेत्यांनाही किंमत लावण्याची मुभा देण्यात आली. एक वस्तू, एक पान, अनेक विक्रेते, असे या योजनेचे सूत्र होते.

हे सूत्र पुस्तकांच्या व्यापाराला साजेसे होते. १९७० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळालेल्या आयएसबीएन क्रमांकामुळे पुस्तकाच्या प्रत्येक आवृत्तीची ओळख निश्चित असे. एका क्रमांकाची प्रत कोणीही विकली तरी मजकूर तोच. असे असूनही पहिली तक्रार पुस्तकांच्याच क्षेत्रातून आली. नव्या प्रतीच्या शेजारी जुनी प्रत स्वस्तात मांडल्याने लेखकाचे मानधन बुडते, असा आक्षेप अमेरिकेतील ऑथर्स गिल्ड या लेखकसंघटनेने २००२ मध्ये घेतला. या वादात माल खोटा नव्हता. परंतु पान कोणासाठी आहे, हा प्रश्न प्रथमच उपस्थित झाला.

ग्राहकाचा यात निश्चित लाभ होता. एका दृष्टिक्षेपात सर्व किंमती कळत आणि अभिप्राय एकाच ठिकाणी वाचता येत. योजनेचे यश आकड्यांत दिसते. कंपनीचे संस्थापक जेफ बेझोस यांनी भागधारकांना दिलेल्या माहितीनुसार, कंपनीच्या स्थळावरील वस्तुविक्रीत बाहेरच्या विक्रेत्यांचा वाटा १९९९ मध्ये ३ टक्के होता. तो २०१८ मध्ये ५८ टक्क्यांवर गेला. मात्र जे गृहीतक पुस्तकांना लागू होते ते विजेच्या तारा, चपला, सौंदर्यप्रसाधने यांना लागू नव्हते. येथे क्रमांक तोच राहूनही वस्तू निराळी असू शकत होती आणि गिऱ्हाइकाला ती पार्सल उघडेपर्यंत दिसत नव्हती.

३

पान बळकाविण्याचे मुख्य प्रकार तीन दिसतात. पहिला वर सांगितलेलाच: चालत्या पानावर किंमत नोंदवून बनावट माल पाठविणे. पानावरील खरेदीचे मुख्य बटण एका वेळी एकाच विक्रेत्याकडे जाते आणि त्या निवडीत किंमतीला मोठे महत्त्व असते. त्यामुळे थोडीशी किंमत उतरविणारा तोतया मूळ उत्पादकाला त्याच्याच पानावर मागे सारू शकतो. खराब मालाबद्दलचे वाईट अभिप्राय मात्र पानावरच, म्हणजे उत्पादकाच्या माथी, राहतात. दुसरा प्रकार पानावरील नाव व चित्रेच बदलून टाकण्याचा. तिसऱ्यात एका वस्तूचे चांगले अभिप्राय दुसऱ्याच वस्तूच्या पदरात घातले जातात. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जीवनसत्त्वाच्या गोळ्या विकणाऱ्या ‘बाउंटिफुल’ या कंपनीवर या तिसऱ्या प्रकाराबद्दल कारवाई केली आणि कंपनीने ६,००,००० डॉलर भरण्याचे मान्य केले. तेथे कोणाचेही चिन्ह चोरले गेले नव्हते. चोरी झाली होती ती केवळ अभिप्रायांची. लौकिक छापातून निघून पानात जाऊन बसला होता, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

नामवंत उत्पादकांनाही याची झळ लागली. ॲमेझॉनवर ‘अस्सल ॲपल’ म्हणून विकत घेतलेल्या चार्जर व तारांपैकी जवळजवळ ९० टक्के बनावट निघाल्याचे ॲपलने २०१६ मधील एका फिर्यादीत म्हटले होते. बर्केनस्टॉक या पादत्राणांच्या कंपनीने २०१७ च्या आरंभापासून अमेरिकेतील ॲमेझॉनला माल देणे बंद केले. नाइकेने २०१९ मध्ये काढता पाय घेतला. परंतु २०२५ मध्ये पुन्हा तेथे विक्री करण्याचा निर्णय जाहीर केला. ज्यांची स्वतःची दुकाने आहेत त्यांनाही बाहेर राहणे परवडले नाही, तर ज्याचे सारे उत्पन्न एका पानावर अवलंबून आहे अशा लहान कारखानदाराची स्थिती काय असेल, याची कल्पना करता येईल.

४

न्यायालयांपुढे हा प्रश्न प्रथम ईबेच्या संदर्भात आला. टिफनी या जवाहिऱ्यांच्या कंपनीने ईबेवर लावलेल्या दाव्याचा निकाल २००८ मध्ये झाला आणि २०१० मध्ये अपील न्यायालयाने तो बहुतांशी कायम केला. आपल्या स्थळावर बनावट माल विकला जातो एवढे सर्वसाधारण ज्ञान बाजारपेठेला जबाबदार धरण्यास पुरेसे नाही; अमुक एका लिस्टिंगविषयी विशिष्ट माहिती असली पाहिजे, असा त्याचा आशय होता. हा निर्णय एक विक्रेता–एक पान या ईबेच्या रचनेत तयार झाला, हे विसरता कामा नये. सामायिक पानावर ‘अमुक एक लिस्टिंग’ सदोष नसतेच. पान खरे असते, त्यावरचा एक विक्रेता खोटा असतो, आणि तो खोटा आहे हे माल मागवून, उघडून पाहिल्याखेरीज सिद्ध होत नाही. त्यामुळे तोतयाचा माल स्वतः विकत घेऊन तपासणे हीच तक्रारीची पहिली पायरी ठरली. फिर्यादीला चोराकडून गिऱ्हाईक म्हणून माल घ्यावा लागला.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७९ ने मध्यस्थांना अटींवर संरक्षण दिले आहे. ते कोणत्या बाजारपेठेला मिळावे याविषयी दिल्ली उच्च न्यायालयाचे विचार स्थिर राहिले नाहीत. २०१८ च्या ख्रिश्चन लुबुटाँ प्रकरणात विक्रीत सक्रिय भाग घेणाऱ्या बाजारपेठेला हे संरक्षण नाकारले जाऊ शकते असे म्हटले गेले. तर जानेवारी २०२० मध्ये ॲमवे प्रकरणात खंडपीठाने, सक्रिय आणि निष्क्रिय असा भेद कायद्यात नाही, असे ठरविले. प्रस्तुत विषयाला थेट भिडणारा आदेश ऑगस्ट २०२२ मधील आहे. एका वस्त्रविक्रेत्याने फ्लिपकार्टविरुद्ध आणलेल्या दाव्यात, दुसऱ्याच्या लिस्टिंगला चिकटून त्याचे चिन्ह व छायाचित्रे वापरून विक्री करण्याची सोय संमतीवाचून देता येणार नाही, असे न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी सांगितले आणि वादीच्या लिस्टिंगपुरती ती सोय बंद करण्याचा आदेश दिला. १८४२ चे तत्त्व येथे सामायिक पानाला लावण्यात आले. विशेष हे की, न्यायालयाने केवळ विक्रेत्याच्या कृत्याकडे नव्हे, तर पानाच्या रचनेकडेही बोट दाखविले.

५

न्यायालयांची गती मंद असल्यामुळे प्रत्यक्ष निवारण बाजारपेठांच्या स्वतःच्या व्यवस्थेकडे गेले. ॲमेझॉनने २०१७ मध्ये ब्रँड-नोंदणीची सुधारित योजना आणली. नोंदलेले व्यापारचिन्ह असणाऱ्यास पानावर अधिक ताबा मिळू लागला. त्याच वर्षी प्रत्येक नगावर वेगळा संकेतांक छापण्याची योजना निघाली आणि २०१९ पासून निवडक उत्पादकांना बनावट लिस्टिंग स्वतःच काढून टाकण्याचा अधिकार देण्यात आला. मुंबईच्या गिरणीमालकांच्या नोंदवहीशी या योजनेचे साम्य उघड आहे. कायद्याच्या उणिवेत खाजगी नोंदवही उभी राहिली. परंतु भेदही तितकाच मोठा आहे. ती नोंदवही व्यापाऱ्यांच्या आपल्या संघाची होती. ही नोंदवही ज्याच्या मालकीची, तोच बाजाराचा मालक, पानाचा नियंता आणि त्याच पानावरचा एक विक्रेताही आहे.

या व्यवस्थेचे अनिष्ट परिणामही दिसले. चिन्हाची नोंदणी हे पानावरील ताब्याचे प्रवेशपत्र ठरल्याने अमेरिकेच्या नोंदणी कार्यालयात अर्थहीन अक्षरांच्या नावांचे आणि खोट्या पुराव्यांचे अर्ज वाढले; डिसेंबर २०२० मध्ये तेथील काँग्रेसला असे अर्ज रोखण्यासाठी कायदा करावा लागला. सप्टेंबर २०२० मध्ये सहा जणांवर ॲमेझॉनच्या नोकरांना लाच देऊन बंद झालेली खाती सुरू करविल्याचे व प्रतिस्पर्ध्यांच्या लिस्टिंगवर हल्ले केल्याचे आरोप ठेवण्यात आले; त्यांपैकी काहींनी पुढे गुन्हा कबूल केला. उलट बाजूने, अस्सल माल कायदेशीरपणे पुन्हा विकणाऱ्यालाही ‘तोतया’ ठरवून हाकलण्याचे साधन उत्पादकाच्या हाती आले. एकदा रीतसर विकलेल्या अस्सल मालाच्या पुनर्विक्रीला अटकाव करण्याचा चिन्हधारकाचा हक्क मर्यादित आहे, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ च्या सॅमसंग प्रकरणात सांगितलेले आहे. तेव्हा पानावरचा प्रत्येक परका विक्रेता चोर नव्हे.

राज्यसंस्था उशिरा जागी झाली. भारतात जुलै २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी विक्रेत्याचे नाव व पत्ता दाखविणे आवश्यक केले. ज्यांचा माल कायद्यान्वये हटविला गेला असून जे पुन्हा पुन्हा तसाच माल मांडतात, अशा विक्रेत्यांची नोंद ठेवण्यासही बाजारपेठांना सांगितले. त्यांना काढून टाकण्याची सक्ती मात्र केली नाही. अमेरिकेत जून २०२३ पासून, बारा महिन्यांत २०० व्यवहार आणि ५,००० डॉलरची विक्री करणाऱ्या विक्रेत्यांची ओळख पडताळणे कायद्याने बंधनकारक झाले. दोन्ही कायद्यांचा रोख एकच आहे: विक्रेता कोण, हे कळले पाहिजे. पान कोणाचे, हा प्रश्न दोन्ही कायद्यांनी तसाच सोडला आहे.

या इतिहासाचे तात्पर्य असे की, लौकिक जेथे साठतो तेथे त्याचा धनी निश्चित केल्यावाचून त्याचे रक्षण होत नाही. गिरणीच्या तिकिटाच्या बाबतीत हे काम खाजगी नोंदवहीने आरंभिले आणि १९४० च्या कायद्याने त्याला सार्वजनिक रूप दिले. सामायिक पानाच्या बाबतीत पहिली पायरी झाली आहे. दुसरी होईपर्यंत आपल्याच मालाच्या पानावर आपलेच नाव राखण्यासाठी उत्पादकाला हक्काने नव्हे तर अर्जाने उभे राहावे लागेल, आणि त्या अर्जाचा निवाडा करणारा बाजाराचा मालकच असेल.