खोडदचे आलेख : जीएमआरटी आणि संगणकीय रेषांकनाची साधने

प्रस्तावना

जुन्नर तालुक्याचे नाव निघाले की इतिहासाच्या अभ्यासकाला शिवनेरी, लेण्याद्री आणि नाणेघाट आठवतात. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखात यज्ञांच्या दक्षिणेची मोजदाद अंकांनी केलेली आहे. तेथे एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे तशा दोन रेघा. संख्या रेषेत उतरवण्याचा इतका जुना पुरावा ज्या तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील खोडद येथे विसाव्या शतकाच्या अखेरीस संख्यांच्या प्रचंड राशी रेषेत उतरवण्याचे काम सुरू झाले. हा योगायोग आहे, त्याला याहून अधिक महत्त्व देण्याचे कारण नाही.

खोडदच्या महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीचा, म्हणजेच जीएमआरटीचा, इतिहास सामान्यतः तबकड्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तबकड्यांनी टिपलेल्या संकेतांतून जे आलेख तयार झाले, ते कोणत्या साधनांनी काढले गेले आणि त्या साधनांनी संशोधकाच्या निर्णयावर कोणता परिणाम केला, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात स्क्रिप्टिंग भाषेतून रेषाचित्रे काढण्याच्या पद्धतीचा या दुर्बिणीच्या संदर्भात मागोवा घेतला आहे.

दुर्बिणीतून येणाऱ्या संख्या

प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये कल्याण येथे ३२ लहान तबकड्यांची मालिका उभारली. पुढे १९७० मध्ये उटीची ५३० मीटर लांबीची दुर्बीण पूर्ण झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने १९९० च्या दशकात खोडद येथे बांधलेली जीएमआरटी ही या परंपरेतील तिसरी पायरी होय. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात सुमारे एक चौरस किलोमीटर क्षेत्रात आहेत. उरलेल्या १६ पूर्व, पश्चिम आणि दक्षिण अशा तीन भुजांवर विखुरलेल्या असून सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. २००२ पासून ती जगभरच्या संशोधकांना खुली झाली.

या दुर्बिणीतून थेट चित्र बाहेर पडत नाही, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. तबकड्यांच्या प्रत्येक जोडीच्या संकेतांचा गुणाकार करून संख्या मिळवली जाते. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. मूळ यंत्रणेत प्रत्येक जोडीसाठी प्रत्येक पट्ट्यात १२८ वारंवारता-वाहिन्या होत्या. १६ सेकंदांना एक नोंद धरली, तरी दहा तासांच्या निरीक्षणात एका वाहिनीच्या २,२५० नोंदी होतात. ४३५ जोड्यांचा हिशेब केला तर एकाच वाहिनीचे ९,७८,७५० बिंदू जमतात.

यांतील सर्व संख्या विश्वासार्ह नसतात. जुन्नर-आंबेगावचा पट्टा मोठ्या शहरांपासून दूर आणि रेडिओदृष्ट्या शांत म्हणून निवडला गेला, हे खरे. परंतु शेती आणि वस्ती जेथे आहे तेथे विजेच्या तारा आहेत, आणि तारांवरील ठिणग्यांचा गोंगाट कमी वारंवारतेच्या निरीक्षणात सहज शिरतो. कोणत्या जोडीच्या कोणत्या वेळेच्या नोंदी वगळायच्या, हे संशोधक आलेख पाहूनच ठरवत असे. खोडदच्या संदर्भात आलेख ही निष्कर्षानंतरची सजावट नव्हती. कोणता पुरावा ग्राह्य धरायचा याचा निवाडा त्याच्यावर होत असे. निवाड्याचे साधन सदोष असले तर पुढचे सारे सदोष, हे इतिहासाच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको.

पीजीप्लॉट आणि हर्षी यांची अक्षरे

संगणकावर चित्र दोन प्रकारे साठवता येते. बिंदुचित्रात प्रत्येक ठिपक्याचा रंग नोंदवलेला असतो. रेषाचित्रात, ज्याला व्हेक्टर ग्राफिक्स म्हणतात, ‘येथून तेथवर रेघ ओढ’ अशा आज्ञा नोंदवलेल्या असतात. त्यामुळे रेषाचित्र कितीही मोठे केले तरी रेघ फाटत नाही. रेडिओ-खगोलशास्त्रात या कामासाठी दीर्घकाळ वापरली गेलेली लायब्ररी म्हणजे पीजीप्लॉट. कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेतील टिम पिअर्सन यांनी १९८३ पासून ती मुख्यतः फोरट्रान भाषेत विकसित केली. तिची विशेषता अशी की, आलेख काढणाऱ्या आज्ञा एकच राहत आणि तो पडद्यावर जावा की पोस्टस्क्रिप्ट फाइलमध्ये, हे केवळ उपकरणाचे नाव बदलून ठरवता येई.

पीजीप्लॉटमधील अक्षरेही रेघांचीच आहेत. अमेरिकी नौदलाच्या डाहलग्रेन येथील प्रयोगशाळेतील ॲलन हर्षी यांनी १९६७ मध्ये अहवालरूपाने प्रसिद्ध केलेल्या अक्षरसंचातून ती घेतली आहेत. सरळ रेषांचे छोटे तुकडे जोडून प्रत्येक अक्षर घडवलेले असते. रोमन आणि ग्रीक अक्षरे, गणिती चिन्हे, राशिचिन्हेसुद्धा त्यात सापडतात. देवनागरी नाही.

रेषाचित्राचे गुण सांगताना त्याचे ओझेही सांगायला हवे. बिंदू वाढले की फाइल वाढते. वर काढलेले पावणेदहा लाख बिंदू पोस्टस्क्रिप्टमध्ये उतरवायचे म्हणजे पावणेदहा लाख आज्ञा लिहायच्या. अशा वेळी बिंदुचित्रच सोयीचे ठरते.

दुवा

फोरट्रानमधील लायब्ररी वापरायची तर संपूर्ण प्रोग्राम फोरट्रान किंवा सी भाषेत लिहून, संकलित करून, मग चालवावा लागे. आलेखाची एक कड बदलायची तरी हा सगळा फेरा पुन्हा करावा लागे. गिडो व्हान रोसम यांनी १९९१ मध्ये प्रसृत केलेली पायथन ही स्क्रिप्टिंग भाषा या फेऱ्यातून सुटका करणारी होती, कारण तीत लिहिलेली ओळ तत्काळ अमलात येते. मात्र पायथनमध्ये आलेखाची सारी यंत्रणा नव्याने लिहिण्याऐवजी जुन्या लायब्ररीला पायथनमधून हाक मारण्याचा मार्ग संशोधकांनी पत्करला. ही हाक पोहोचवणाऱ्या पातळ थराला बायंडिंग म्हणतात, मराठीत दुवा म्हणावे. पीजीप्लॉटसाठी पर्ल भाषेतील दुवा कार्ल ग्लेझब्रुक यांनी केला, तर पायथनमधील दुवा पीपीजीप्लॉट या नावाने परिचित झाला.

स्कॉट रॅन्सम यांच्या प्रेस्टो या पल्सार-शोधाच्या संचात हाच पायथन-दुवा समाविष्ट होता. रॅन्सम हे जीएमआरटीच्या एका महत्त्वाच्या शोधाचे सहलेखकही होत. फ्रेयर, गुप्ता, रॅन्सम आणि ईश्वर-चंद्र यांनी २००४ मध्ये एनजीसी १८५१ या तारकागुच्छातील पल्सार जाहीर केला. तो सुमारे ५ मिलिसेकंदांत स्वतःभोवती एक फेरी घेतो आणि १८.८ दिवसांच्या अतिशय लंबवर्तुळाकार कक्षेत फिरतो. पुढे २०१६ मध्ये पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या जीएमआरटीच्या दक्षिण आकाशातील पल्सार-सर्वेक्षणातही प्रेस्टोचा उपयोग झाला. या संचातील एकेकटे स्पंद शोधणारी पायथन-स्क्रिप्ट दुव्यामार्फत पोस्टस्क्रिप्ट आलेख काढत असे. खालच्या मोठ्या चौकटीत आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर विक्षेपण-मान आणि प्रत्येक स्पंदासाठी एक वर्तुळ. स्पंद जितका ठळक तितके वर्तुळ मोठे.

दुवा हे नाव ऐकून तो निव्वळ निरोप्या आहे, असा समज होतो. प्रत्यक्षात तो दोन हिशेबपद्धतींच्या सीमेवर उभा असतो. पायथनमधील दशांश संख्या ६४ द्विअंकी जागेत राहते. पीजीप्लॉटच्या आज्ञा ३२ द्विअंकी संख्या मागतात. खगोलशास्त्रात वेळ नोंदवण्यासाठी वापरला जाणारा सुधारित ज्युलियन दिनांक या शतकाच्या आरंभी ५२,००० च्या घरात होता. एवढ्या आकड्याला ३२ जागांत बसवले तर लगतच्या दोन संभाव्य संख्यांमधील अंतर एका दिवसाचा २५६ वा भाग, म्हणजे साडेपाच मिनिटांहून थोडे अधिक होते. याचा अर्थ असा की, १६ सेकंदांच्या अंतराने घेतलेल्या सुमारे २१ नोंदी आलेखावर एकाच उभ्या रेघेत कोसळतील. दुवा चूक झाल्याचे सांगणार नाही. आलेख निघेल, नीटनेटका दिसेल, आणि ठिणगीचा क्षण कोणता हे त्यावरून कळणार नाही. उपाय सोपा आहे, निरीक्षणाच्या आरंभाची वेळ आधी वजा करायची. परंतु तो करायचा असतो हे माहीत असावे लागते, आणि ही माहिती प्रबंधाच्या पानांत क्वचितच उतरते.

सर्पभाषा

आलेखांसाठी जे झाले तेच प्रतिमा घडवण्याच्या कामातही घडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेने १९७८ मध्ये विकसित करण्यास आरंभ केलेली एप्स ही फोरट्रान प्रणाली जीएमआरटीच्या संशोधकांच्या नित्य वापरात होती. तिला पॉप्स नावाची स्वतःची आज्ञाभाषा होती, आणि तिच्यातील आलेख आधी आज्ञांच्या रूपात साठवून मग पोस्टस्क्रिप्टमध्ये उतरवले जात. २००० च्या दशकाच्या मध्यास युरोपात पार्सलटंग हा एप्स आणि पायथन यांमधील दुवा तयार झाला. हॅरी पॉटरच्या कथांत पार्सलटंग म्हणजे सर्पांची भाषा. पायथन म्हणजे अजगर, तेव्हा नाव चपखल बसले.

खोडदच्या दृष्टीने या दुव्याचे मोल टीजीएसएस या १५० मेगाहर्ट्झच्या आकाश-सर्वेक्षणात दिसते. २०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीने यासाठी २,००० हून अधिक तास निरीक्षणे केली. हुइब इंटेमा यांनी पार्सलटंगवर उभारलेल्या स्पॅम या पायथन-प्रणालीने ती सर्व सामग्री स्वयंचलितपणे पुन्हा हाताळली. २०१७ मध्ये आकाशाचा सुमारे ९० टक्के भाग व्यापणारी, ६ लाख २० हजार स्रोतांची यादी प्रसिद्ध झाली. हजारो तासांच्या नोंदी एकेक आलेख पाहून निवडणे कोणालाही शक्य नव्हते. निवाडा आता नजरेकडून स्क्रिप्टकडे गेला.

यात एक अस्वस्थ करणारी बाजू आहे. निरीक्षणे खोडदची, परंतु सर्वाधिक वापरली गेलेली यादी नेदरलँड्स व अमेरिकेतील संस्थांत कार्यरत असलेल्या संशोधकांच्या नावे आहे. यात कोणी कोणावर अन्याय केला असे मानण्याचे कारण नाही. सामग्री खुली होती, आणि तिचा उपयोग झाला हे विज्ञानाच्या हिताचेच झाले. तथापि, तबकडी उभारण्याइतकेच स्क्रिप्ट लिहिणे हेही वेधशाळेचे काम आहे, याची जाणीव या प्रसंगाने करून दिली, असे म्हणावे लागते. पुण्यातही त्या दिशेने काम झाले आहे. जयंती प्रसाद आणि जयराम चेंगलूर यांची २०१२ मधील फ्लॅगकॅल प्रणाली सदोष नोंदी वगळण्यासाठी होती. रुता काळे आणि ईश्वर-चंद्र यांनी २०२१ मध्ये मांडलेली कॅप्चर ही पायथनवर आधारलेली प्रणाली अद्ययावत जीएमआरटीच्या सामग्रीसाठी आहे.

स्क्रिप्टचा आणखी एक लाभ इतिहासकाराच्या जिव्हाळ्याचा आहे. माउसने वगळलेल्या नोंदी का वगळल्या हे नंतर सांगता येत नाही. स्क्रिप्टमध्ये निकष लिहिलेला राहतो, आणि तीच स्क्रिप्ट चालवून तोच आलेख पुन्हा काढता येतो. दस्तऐवजाबरोबर तो लिहिणाऱ्याचा हातही जपला जावा, असे हे आहे.

अक्षरांचा प्रश्न

पीजीप्लॉटची ५.२.२ ही आवृत्ती २००१ मध्ये आली आणि तेथे तिचा विकास थांबल्यासारखा झाला. तरीही तिच्या आज्ञा मेल्या नाहीत. कार्ल वर्थ आणि कीथ पॅकर्ड यांनी सुरू केलेल्या कैरो या रेषाचित्र-लायब्ररीची १.० आवृत्ती ऑगस्ट २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे ऑस्ट्रेलियात कैरोच्या आधारावर गिझा ही लायब्ररी रचली गेली. तिने पीजीप्लॉटच्या आज्ञांची नावे जशीच्या तशी ठेवून आतील यंत्रणा बदलली. जुने प्रोग्राम एक ओळही न बदलता नव्या लायब्ररीवर चालू लागले. घराचा पाया बदलावा आणि उंबरठा तोच राहावा, तसा हा प्रकार आहे.

कैरोला पायथनमधून पायकैरो या दुव्याने हाक मारता येते. बिंदूवर जा, रेघ ओढ, वक्र काढ, रंग भर, एवढ्याच काय त्या आज्ञा. परंतु हर्षींच्या अक्षरसंचात न मिळालेली देवनागरी येथे शक्य होते, आणि तेथे पुन्हा एक दुवा लागतो. देवनागरी अक्षरे ज्या क्रमाने साठवली जातात त्याच क्रमाने दिसत नाहीत. ‘मिनिटे’ या शब्दात ऱ्हस्व वेलांटी साठवताना म नंतर येते, दिसताना म च्या आधी. ‘तीव्रता’ मधील जोडाक्षर सुटले तर व चा पाय मोडलेला दिसतो आणि र स्वतंत्र उभा राहतो. कैरोची साधी मजकूर-आज्ञा ही जोडणी करत नाही. ती पँगो ही दुसरी लायब्ररी करते आणि जुळवलेली अक्षरे कैरोकडे सोपवते. २००० च्या दशकात सर्वाधिक लोकप्रिय ठरलेल्या, जॉन हंटर यांच्या मॅटप्लॉटलिब या आलेख-लायब्ररीच्या मूळ रचनेतही ही सोय दीर्घकाळ नव्हती. त्यामुळे तिच्यात काढलेल्या आलेखाच्या अक्षावर मराठी शब्द लिहिला की तो मोडून येई, आणि बहुतेक जण इंग्रजीकडे वळत.

राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरते. जुन्नर, आंबेगाव आणि आसपासच्या तालुक्यांतील शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी तेथे मोठ्या संख्येने येतात, आणि त्यांपैकी अनेक मराठी माध्यमाचे असतात. पल्सारचा स्पंद दाखवणारा आलेख, आडव्या अक्षावर ‘मिलिसेकंद’ आणि उभ्या अक्षावर ‘तीव्रता’ असे शुद्ध लिहून, पायथनच्या वीस-पंचवीस ओळींत काढता येतो. रेषेसाठी एक दुवा लागतो आणि अक्षरासाठी दुसरा. दोन्ही कोणत्याही महाविद्यालयाच्या संगणकावर विनामूल्य बसवता येतात.