रेडिओच्या तोंडून रेडिओचं मरण

ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९७९ मध्ये ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ची तबकडी बाजारात आली, तेव्हा व्हीसीआर ही अजून चैनीची वस्तू होती. तरीही व्हिडिओनं रेडिओच्या गायकाचा बळी घेतला, असं गाऱ्हाणं ‘बगल्स’ या जोडगोळीनं आधीच घालून टाकलं. ऑक्टोबरात हे गाणं खपाच्या यादीत पहिलं आलं. वाजवलं कोणी? रेडिओनंच!

गाण्याचं बीज जे. जी. बॅलार्डच्या ‘द साउंड-स्वीप’ या १९६० मधल्या विज्ञानकथेत आहे. तिथं एक मुका तरुण भिंतींत मुरलेले आवाज यंत्रानं शोषून घेत हिंडतो. सद्दी संपलेली एक ऑपेरा-गायिकाही त्या कथेत आहे. त्यावरून बगल्सचे ट्रेव्हर हॉर्न व जेफ डाउन्स आणि त्यांचा साथीदार ब्रूस वूली यांनी गाणं रचलं. वूली पुढं वेगळा झाला आणि त्यानं आपल्या बँडकडून ते आधीच मुद्रित करून घेतलं. ते फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

बगल्सची करामत आहे ती आवाजात. हॉर्नचा गळा गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून फिरवून पुन्हा मुद्रित केला. त्यामुळे तो जुन्या रेडिओतून आल्यासारखा चेपलेला, नाकातला वाटतो. ध्रुपदात बायकांचे आवाज येतात ते मात्र लख्ख, नव्याकोऱ्या जाहिरातीसारखे. दोन काळांचं भांडण शब्द न कळताही ऐकू येतं. माझ्या मते गाण्याचा खरा आशय हाच. शब्द त्यामानानं भाबडे आहेत.

रसेल मल्काहीनं त्याचं चित्रीकरण केलं. त्यात सिंथेसायझरपाशी क्षणभर दिसणारा तरुण म्हणजे हान्स झिमर, पुढं हॉलिवूडचा नामांकित संगीतकार झालेला.

अमेरिकेत गाणं जेमतेम चाळिसाव्या क्रमांकापर्यंत पोचलं होतं. पण १ ऑगस्ट १९८१ च्या मध्यरात्री एमटीव्ही ही संगीतवाहिनी सुरू झाली तेव्हा पहिला मान त्यालाच मिळाला, अर्थात नावामुळे. मॅनहॅटनच्या केबलवर वाहिनी अजून दिसत नव्हती, म्हणून तिच्याच माणसांना शुभारंभ पाहायला नदीपलीकडं न्यू जर्सीत जावं लागलं. दाखवायला अमेरिकी चित्रफिती अपुऱ्या होत्या. ब्रिटिश बँडकडं मात्र त्या तयार होत्या, कारण तिकडच्या टीव्हीवर त्यांचा रिवाज पडला होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत ब्रिटिश गाणी अमेरिकेत धो-धो खपली, त्यात या तुटवड्याचा वाटा मोठा आहे.

हॉर्ननं मात्र गाणं जवळजवळ सोडलं आणि तो स्टुडिओतल्या काचेमागं, निर्माता म्हणून जाऊन बसला.