भिंतीतलं भोक

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याची खोली सोडून पालीला आलो. बिंदुसरा धरणाजवळचं, बीड-सोलापूर रस्त्यावरचं हे आमचं गाव. घरी फायबर घ्यायचं ठरलं. वायर गल्लीतून आत आणायची, एवढंच काम. ड्रिल मशीन हातात घेतलं आणि कळलं, की बिट संपला तरी भिंत संपत नाही.

आमचं घर माळवदाचं. भिंत दोन फूट जाड. बाहेरून दगड, आतून दगड, मधे मातीचा भराव. वरच्या जड मातीच्या छताचा भार लाकडी खांब आणि तुळया घेतात. उजेड आणि धुराची वाट म्हणजे छतातलं साणं. आतून बाहेर जाणाऱ्या वायरीचा विचार हे घर बांधणाऱ्या गवंड्याने केलेलाच नव्हता.

वीज आपल्याकडे उशिरा आली. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, १९५६ मध्ये मुंबई राज्यात. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० चं, आणि खेड्यांच्या विजेसाठी कर्ज देणारं ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ १९६९ चं. आमच्या घरात वीज त्यानंतर आली. वायरमनने सागवानी पट्ट्या ठोकून त्यावर पत्र्याच्या क्लिपांनी वायर बसवली. मातीच्या भिंतीत लाकडी गिट्टी धरत नाही, म्हणून पट्ट्या सगळ्या तुळया-खांबांवरून फिरवल्या. अजून आहेत त्या, रंगाचे चार थर चढलेल्या. आणि जिथे वायर भिंतीतून आत आली, तिथे चिनी मातीची नळी. पुढे मीटर दुसऱ्या बाजूला गेलं, नळी रिकामी झाली, आजीने तिच्यात चिंधी कोंबली.

मी त्या नळीकडे बघितलंही नाही. लांब बिट मागवून स्विचबोर्डाच्या वर नवं भोक पाडलं, वायर ओढली, सिमेंट भरलं. इंजिनिअरची डिग्री आहे ना!

जुलैत दोन दिवस झड लागली. आई पंख्याचं बटण लावायला गेली आणि हात झटकून मागे सरली. पाय ओल्या फरशीवर होते. नशीब, झटक्यावर निभावलं.

गावातले म्हातारे वायरमन मामा आले. बोर्ड उघडला तर आत पाणी. म्हणाले, "पोरा, पाणी वायरीच्या पाठीवर बसून आत येतंय. तू भोक आत उतरतं पाडलंस." सिमेंट आणि माती एकमेकांना धरत नाहीत. सिमेंट सुकलं, भोवती फट पडली. काच वीज नेत नाही, त्यामुळे फायबर निरुपद्रवी असं मी धरून चाललो होतो. पाणी नेतं, हे डोक्यात आलं नव्हतं.

नियम जुनाच आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या वायरिंगच्या नियमावलीत लिहिलंय, की भिंतीबाहेर उघड्यावर येणाऱ्या नळीचं तोंड घंटेसारखं पसरट आणि खाली वळलेलं हवं. शिवाय आत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्यायचा, म्हणजे थेंब तिथूनच गळतो.

मातीच्या भिंतीत ओल मुरली तर धोका नुसत्या करंटचा नसतो. मधला भराव भुसभुशीत होतो, दोन्ही बाजूंचे दगड सुटे होतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भागात हजारो माणसं गेली, ती मुख्यतः अशाच जाड दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदांखाली. दोष भोकांचा नव्हता. पण दगडांना एकमेकांशी बांधणारं काही नसलं की भिंत किती कच्ची असते, ते तेव्हा दिसलं. हे माहीत असूनही मी त्याच जातीच्या भिंतीवर मशीन चालवलं होतं.

मामांनी माझं भोक चुना कालवलेल्या मातीने बुजवलं. फोम मी आणला होता, पण "उंदीर खाईल" म्हणून त्यांनी परत दिला. मेन स्विचशेजारी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. मग जुन्या नळीतली चिंधी ओढून काढली, आत टॉर्च मारला. उतार बाहेरच्या बाजूला, पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी बरोबर ठेवलेला. फायबर आता तिच्यातूनच येतं.