जुन्नरचे खडक आणि ओढ्यांतला मासा

जुन्नर म्हटलें म्हणजे शिवनेरी, लेणीं आणि नाणेघाट हीं नांवें आपोआप जिभेवर येतात. त्याच मुलखांतील ओढ्यांच्या एका बोटभर माशाचा इतिहास मात्र फारसा कोणास ठाऊक नसतो. नवल असें कीं, या दोहोंच्या इतिहासाचा आरंभ एकाच गृहस्थापासून होतो.

विल्यम हेन्री सायक्स हा लष्करी अंमलदार १८२४ सालीं मुंबई सरकारच्या वतीनें दख्खनची सर्वांगीण माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमला गेला. हिंडतां हिंडतां त्यानें १८२८ सालीं नाणेघाटांतील सातवाहनकालीन लेख पाहिला; जुन्नरच्या लेण्यांतील अक्षरेंही उतरून घेतलीं. नद्यांतील मासे त्याच्या नजरेंतून सुटले नाहींत. १८३९ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळामार्फत त्यांचीं वर्णनें प्रसिद्ध झालीं, आणि ‘शिंगटी’सारखीं कोळ्यांच्या तोंडचीं नांवें शास्त्राच्या पोथींत गेलीं. त्यांतच ‘लोना’ नांवाचा एक लहानसा मिशाळ मासा होता.

पुढें १९३८ सालीं डॉ. सुंदरलाल होरा यांनीं त्याच्याच भाऊबंदांतील आणखी एक जात वेगळी ओळखली व तिला पुण्याचें नांव दिलें. या माशांच्या छातीवर कातडीच्या बारीक वळ्या असतात. त्यांच्या योगानें ते धोंड्यास घट्ट चिकटतात आणि जोराच्या धारेंतही टिकून राहतात. असे मासे पूर्वेकडील डोंगरांतून सातपुड्याच्या ओळीनें सह्याद्रीपर्यंत आले असावेत, असें होरांचें अनुमान होतें. तें आज सर्वमान्य नाहीं. तथापि त्यांनीं उपस्थित केलेला प्रश्न अद्याप जिवंत आहे.

कुकडी, मीना आणि घोड या नद्या जुन्नर-आंबेगांवच्या डोंगरांत उगम पावतात आणि त्यांचें पाणी अखेर भीमेस मिळतें. माणिकडोह, वडज व डिंभे या धरणांनीं त्यांस अडविलें. पूर्वेकडील कोरडवाहू शिवारें त्यामुळें हिरवीं झालीं, हा लाभ लहान नव्हे. परंतु डिंभ्याच्या जलाशयाखालीं जुनें आंबेगांव गेलें, आणि जेथें जेथें पाणी तुंबलें तेथें तेथें खळखळती धार थांबून धोंड्यांवर गाळ बसला. धोंड्यास चिकटण्याची विद्या तेथें काय कामाची?

नाणेघाटचा लेख दगडांत कोरलेला आहे. त्याचें रक्षण कायदा करतो. माशाच्या छातीवरील लेख मात्र वाहत्या पाण्यावांचून टिकत नाहीं. धरणांच्या वरच्या अंगास जे ओढे अद्याप मोकळे वाहतात, ते तसेच राहिले तरच तो पुढील पिढ्यांस वाचावयास मिळेल.